साठ घटकांची वाट

चाळीसगावहून पाटणादेवीच्या वाटेला लागले की अठरा-वीस किलोमीटरांत सातमाळ्याचे डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येतात आणि आपण गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी उभे राहतो. देवीच्या दर्शनाला येणारे बहुतेक जण ओटीचे ताट घेऊन सरळ गाभाऱ्याकडे जातात. ज्या शिलालेखामुळे या ठिकाणाचे नाव गणिताच्या इतिहासात नोंदले गेले, त्याची चौकशी क्वचितच कोणी करते. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने येथे, पाटणला, एक मठ स्थापला. आपले आजोबा भास्कराचार्य यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ तेथे शिकवले जावेत, हा त्याचा हेतू होता. त्या मठाला निकुंभ वंशाचा मांडलिक सोइदेव याने दान दिले. दिवस होता श्रावणी पौर्णिमेचा, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होते. लेखात शके ११२८ चा आकडा असून संवत्सराचे नाव प्रभव आहे. त्यांच्या आधाराने अभ्यासकांनी हा दिवस इ.स. १२०७ च्या ऑगस्टमधला ठरवला.

प्रभव हे साठ संवत्सरांतले पहिले नाव. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ वर्षे सरली की चक्र पुन्हा प्रभवावर येते. १२०७ मध्ये साठाच्या तेरा फेऱ्या मिळवल्या की १९८७ येते. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला पंचांगात प्रभव संवत्सरच लागले होते, आणि पुढचे प्रभव २०४७ मध्ये येईल. साठ वर्षांचे चक्र, साठ घटकांचा अहोरात्र, साठ पळांची घटका, साठ विपळांचे पळ, वर्तुळाचे सहा वेळा साठ अंश आणि अंशाच्या साठ कला. पाटणच्या मठात जे शिकवले जात होते, त्याच्या बुडाशी ही साठाची गणती होती. आपण बोलताना अजूनही घटकाभर बसतो, पळभर थांबतो. हा साठ आला कोठून आणि किती हातांतून गेला, हे पाहण्यासाठी आपल्याला गिरणेच्या काठावरून तैग्रिस-युफ्रेटिसच्या गाळात उतरावे लागेल.

दक्षिण इराकच्या त्या सपाट मुलखात दगड नाही, इमारती लाकूड नाही. आहे तो गाळ आणि बोरू. सुमेरच्या लोकांनी गाळाच्या विटा पाडून पायऱ्यापायऱ्यांचे उत्तुंग देऊळ-बुरूज उभारले आणि त्याच गाळाच्या तळहाताएवढ्या पाट्या करून त्यांवर बोरूच्या टोकाने पाचरीसारख्या खुणा दाबल्या. धान्य, मेंढ्या, मजुरी यांचे हिशेब करताना त्यांनी साठाचा गठ्ठा धरला. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो; वाटणी करणाऱ्याला याहून सोयीची संख्या सापडणे कठीण. पुढे इ.स.पू. २००० च्या सुमारास बाबिलोनच्या लेखनिकांनी एक असामान्य पाऊल उचलले. एकाच पाचरीचे मोल तिच्या जागेवरून ठरू लागले: कधी एक, कधी साठ, कधी छत्तीसशे. आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेल्या एका चिमुकल्या गोल पाटीवर चौरस आणि त्याचे कर्ण काढलेले आहेत. कर्णावर १, २४, ५१, १० असे साठाच्या पद्धतीतले आकडे आहेत. दोनचे वर्गमूळ दशांश चिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत बिनचूक देणारी ही पाटी सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची आहे.

त्या सुमारास आपल्याकडे काय चालले होते? तापी-गिरणेच्या खोऱ्यांत तेव्हा ताम्रपाषाणयुगातली शेतकरी गावे नांदत होती. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठचे बहाळ, धुळे जिल्ह्यातले कवठे, आज नंदुरबारमध्ये असलेले तापीकाठचे प्रकाशे, आणि ज्याच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते ते सावळदा, या साऱ्या ठिकाणांच्या पांढरीच्या टेकाडांतून रंगवलेली खापरे निघाली. सावळद्याच्या मडक्यांवर बाण, गळ, प्राणी चितारलेले आहेत. लिहिलेले अक्षर एकही नाही. तिकडे भाजलेल्या मातीवर हिशेब उमटत होते आणि इकडे चित्रे. दोन्हीकडचा कुंभार मातीच मळत होता, हे बहाळची खापरे हातात घेतली की मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाबिलोनच्या पुजाऱ्यांनी साठाला देवत्वही दिले. आकाशाचा देव अनू म्हणजे ६०, एन्लिल ५०, जलदेव एआ ४०, चंद्रदेव सिन ३०, सूर्यदेव शमश २०, इश्तर १५. चंद्राचे नाव लिहायचे तर लेखनिक सरळ तीसचा आकडा मांडत, कारण महिन्याचे दिवस तीस. असीरियाचा राजा दुसरा सारगोन याने इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस नवी राजधानी बांधली, तेव्हा तटाची लांबी आपल्या नावाच्या अंकाइतकी ठेवल्याचे त्याने कोरून ठेवले. तिच्या वेशींवर माणसाच्या मुखाचे, पंख असलेले पाच पायांचे बैल उभे होते. समोरून पाहिले तर ते स्थिर दिसतात आणि बाजूने पाहिले तर चालताना. याच घराण्यातल्या अशुरबनिपालने इ.स.पू. सातव्या शतकात निनेव्हेच्या राजवाड्यात हजारो मृत्तिकापाट्यांचा ग्रंथसंग्रह केला. त्यात आकाशातल्या शकुनांची सुमारे सत्तर पाट्यांची एक मालिका होती आणि तिच्यात ग्रहणांना फार मोठी जागा होती. चंद्रग्रहण राजाच्या जिवावरचे मानले जाई. अशुरबनिपालचा बाप एसरहद्दोन याच्या काळातली पत्रे सांगतात की असे ग्रहण आले की राजा काही दिवस बाजूला होई, एखाद्या साध्या माणसाला राजवस्त्रे चढवून सिंहासनावर बसवत, आणि संकट त्याच्यावर ढकलून शेवटी त्याला मरण देत. निनेव्हेतले हे ग्रहण आणि पाटणच्या शिळेवरचे ग्रहण यांच्यामध्ये जवळजवळ एकोणीसशे वर्षे आहेत. एका ग्रहणाने एका निरपराध माणसाचा जीव घेतला आणि दुसऱ्याने गणिताच्या शाळेला उत्पन्न दिले. या दोन टोकांच्या मधली वाट मला साऱ्या इतिहासातली फार मोलाची वाट वाटते.

ती वाट भीतीतूनच निघाली. ग्रहण कधी येणार हे आधी कळावे म्हणून बाबिलोनचे निरीक्षक रात्रीमागून रात्री नोंदी ठेवत गेले. शतकानुशतकांच्या त्या रोजनाम्यांतून त्यांना आकाशाची लय सापडली. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास त्यांनी सूर्याच्या मार्गाचे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग केले. त्यांत सिंह, वृश्चिक, तुला होतेच, आणि अर्धा बोकड व अर्धा मासा असा एक प्राणी होता. तोच पुढे आपल्याकडे मकर झाला, बोकडाचे तोंड जाऊन मगरीचे आले. यांतली कित्येक चिन्हे त्याआधीच जमिनीच्या दानपत्रांच्या शिळांवर कोरलेली दिसतात. त्या शिळांच्या माथ्यावर चंद्र, सूर्य, तारा आणि खाली दान मोडणाऱ्याला शाप, अशी मांडणी असे. आपल्या गावोगावच्या गद्धेगाळांवरचे चंद्रसूर्य ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल, जरी या दोहोंचे नाते जोडणारा दुवा काही नाही. चांद्रमासाचा तिसावा भाग हे एककही त्या ज्योतिष्यांनी वापरले, पण त्याला सुटसुटीत नाव मागे ठेवले नाही. विसाव्या शतकात ओटो नॉयगेबाउअर या गणितेतिहासकाराने त्या पाट्यांचा उलगडा केला तेव्हा त्याने त्यासाठी आपलाच शब्द उचलला: तिथी. आज बाबिलोनवरचे इंग्रजी-जर्मन ग्रंथ उघडले तर पानोपानी ‘तिथी’ भेटते.

त्या ज्योतिष्यांनी काढलेले चांद्रमासाचे सरासरी मान ग्रीकांनी घेतले आणि टॉलेमीच्या ग्रंथात ते दिवसाच्या साठाव्या, त्याच्याही साठाव्या अशा भागांत उतरले: २९, ३१, ५०, ८, २०. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यापुढे हे आकडे ठेवले तर तो क्षणात वाचेल, २९ दिवस ३१ घटका ५० पळे ८ विपळे २० प्रतिविपळे. भाषांतराची गरजच नाही.

मग हे मोजमाप आपल्याकडे सगळे तिकडूनच आले का? येथे घाई करू नये. ऋग्वेदात बारा आरे आणि तीनशे साठ खुंट्या असलेल्या कालचक्राचे रूपक आहे. वर्षाचे बारा महिने आणि ३६० दिवस मोजायला वैदिक ऋषींना कोणाची वाट पाहावी लागली नाही. वेदांगज्योतिषात अहोरात्राचे तीस मुहूर्त आणि साठ नाडिका केलेल्या आहेत, आणि नाडिका हीच आपली घटका. बाबिलोनमध्ये मात्र दिवसाचे बारा आणि त्याहून बारीक ३६० भाग करत. साठ घटकांचा दिवस ही आपली घडण आहे. पण वेदांगज्योतिष मोठ्यात मोठा दिवस ३६ नाडिकांचा आणि लहानात लहान २४ नाडिकांचा सांगते, म्हणजे तिनास दोन हे प्रमाण. तेच प्रमाण बाबिलोनच्या पाट्यांत आहे. आपल्या खानदेशात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवसही तेहतीस घटकांच्या थोडाच पुढे जातो. छत्तीस घटकांचा दिवस येथे कधी उगवलाच नाही. हे प्रमाण उत्तरेकडच्या प्रदेशांशी जुळते. ज्योतिषाचे इतिहासकार डेव्हिड पिंग्री यांनी ते मेसोपोटेमियातून आल्याचे मांडले. काश्मीर-गांधाराच्या अक्षांशावर ते स्वतंत्रपणे सुचले असेल, असे म्हणणारेही आहेत. मला दुसरी बाजू अजिबात टाकाऊ वाटत नाही.

यानंतरचा प्रवास अधिक उजेडात आहे. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये शिरला, आणि तेथले ज्योतिष हळूहळू ग्रीक भाषेत उतरले. पाचरीच्या लिपीतली, काळ ठरवता येणारी शेवटची ज्योतिषपाटी इ.स. ७५ ची आहे. तिच्यावरची माती वाळत होती त्याच शतकात एक ग्रीक खलाशी आपल्या किनाऱ्याचे वर्णन लिहीत होता: भडोच बंदर, तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. भडोचकडून पैठणकडे येणारा माल तापीचे खोरे ओलांडून सातमाळ्याचे घाट चढल्याशिवाय कसा जाणार? त्याच रांगेत, पाटणापासून फार दूर नसलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एक गंध्याचे घराणे आहे. तेथल्या घंटाकृती स्तंभशीर्षांवर पाठीला पाठ लावून बसलेले चित्रविचित्र प्राणी पाहिले की पर्सेपोलिसचे खांब आठवतात, आणि पर्सेपोलिसच्या मागे असीरियाच्या वेशींवरचे ते पंखवाले बैल.

मालाबरोबर शब्द आले. होरा, केंद्र, द्रेष्काण, लिप्ता हे शब्द आज कोणालाही संस्कृतच वाटतील, पण मुळात ते ग्रीक आहेत. मेष, वृषभ, मिथुन यांना जुन्या ग्रंथांत क्रिय, तावुरि, जितुम अशीही नावे सापडतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने पाच सिद्धान्तांचा गोषवारा ‘पंचसिद्धान्तिका’त दिला. त्यात चंद्राच्या मंद-शीघ्र गतीची नऊ आवर्तने २४८ दिवसांत बसवलेली आहेत, आणि हेच २४८ दिवस बाबिलोनच्या पाट्यांवर आहेत. रोमक आणि पौलिश या नावांचे सिद्धान्त वराहमिहिराने मोकळेपणाने मांडले, त्यांतले कोणते अचूक हेही सांगितले. परक्याचे ज्ञान नावानिशी मांडणारा हा मोकळेपणा पुढे आपल्याकडे फारसा उरला नाही.

आता घटका मोजणाऱ्या भांड्याकडे येऊ. बाबिलोनची पाणघटी गळणारी होती: भांड्यातून पाणी झिरपायचे आणि किती उरले ते मोजायचे. आपल्याकडेही जुनी नाडिका तशीच होती. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास येथे तिची जागा उलट्या कल्पनेने घेतली. तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक छिद्र पाडायचे, ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली. दिवसरात्रीत ती साठ वेळा बुडाली पाहिजे. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्या वाटीच्या बुडण्याचा आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात हे घटीयंत्र सांगितले, शंकू, चक्र, चाप, फलक अशी यंत्रे सांगितली, आणि सर्वांत शेवटी धीयंत्र, म्हणजे बुद्धी, हेच श्रेष्ठ यंत्र म्हटले. ‘लीलावती’च्या लग्नाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते: मुलीच्या अंगावरचा मोती घटिकापात्रात पडतो, छिद्र बुजते आणि मुहूर्त टळतो. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. तिच्या खरेपणाला आधार नाही, तरी गणिताच्या इतक्या मोठ्या ग्रंथाची आठवण लोकांनी एका बुडणाऱ्या वाटीत जपली, याचे मला अप्रूप वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यांच्या कल्पात ४,३२,००,००,००० सौरवर्षे, ५३,४३,३३,००,००० चांद्रमास आणि १५,७७,९१,६४,५०,००० सावन दिवस आहेत. ही माने ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतली. दिवसांना चांद्रमासांनी भागून पाहिले तर महिना निघतो २९ दिवस ३१ घटका ५० पळे ५ विपळे आणि सुमारे ४३ प्रतिविपळांचा. टॉलेमीने नोंदलेल्या बाबिलोनी मानाशी ताडले तर फरक अडीच विपळांहून किंचित अधिक, आजच्या भाषेत जेमतेम एक सेकंद. आकडे तेच असते तर नुसती नक्कल झाली असे म्हणता आले असते. ते वेगळे आहेत आणि तरी एवढे जवळ आहेत, यातच येथल्या गणकांची मेहनत दिसते. आणखी एक साम्य विद्वानांना फार काळ खुणावत आले आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला बाबिलोनचा पुजारी बेरोसस जलप्रलयाआधीच्या राजांचा काळ १२० सार, म्हणजे १२० वेळा ३६००, असा ४,३२,००० वर्षांचा देतो. आपल्या कलियुगाची वर्षेही तितकीच.

या वाटेला एक सुंदर वळण आठव्या शतकात आले. खलिफा अल्-मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवले, आणि सातशे सत्तरच्या दशकात भारतातला एक ज्योतिषी ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला सिद्धान्त घेऊन त्याच्या दरबारी पोहोचला. बाबिलोनचे अवशेष तेथून शंभर किलोमीटरांच्या आत. शेवटच्या पाटीनंतर सातशे वर्षांनी साठाची गणती भारतीय वेषात आपल्या जन्मभूमीला परतली. अरबांनी ती टॉलेमीच्या साठाशी जुळवली, युरोपने ती अरबांकडून घेतली. अंशाचा पहिला बारीक भाग मिनिट झाला, दुसरा बारीक भाग सेकंद. १८६० च्या दशकात ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेचे रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे पुढे सरकले आणि फलाटावरच्या घड्याळाबरोबर मिनिट खानदेशात उतरले. अडीच घटकांचा एक तास, अडीच पळांचे एक मिनिट, असा हिशेब लोक मनात करू लागले. एकाच उगमाच्या दोन धारा पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून फिरून गिरणेच्या काठी भेटल्या, याची जाणीव तेव्हा कोणाला नव्हती.

ती जाणीव होण्याची तयारी मात्र त्याच सुमारास चालू होती. १८४० च्या दशकात उत्खनन करणाऱ्या लेयार्डने निमरूदच्या असीरियन राजवाड्यांतून काढलेली शिल्पे पेट्यांतून बसऱ्याला आणि तेथून मुंबईमार्गे लंडनला गेली. असीरियन शिल्पपट आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. १८५४ मध्ये इराकमधल्या सेनकेरे येथे खोदणाऱ्या लॉफ्टसला वर्गांची एक पाटी मिळाली. साताचा वर्ग ४९ असा सरळ लिहिलेला, पण आठाचा वर्ग ‘१, ४’. त्या एकचा अर्थ साठ, हे उमगले आणि साठाची हरवलेली किल्ली हाती आली. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार विद्वानांना एकाच असीरियन लेखाची स्वतंत्र भाषांतरे करायला दिली. ती जुळली आणि पाचरीची लिपी उलगडल्याचे जगाने मान्य केले. आठ वर्षांनी, १८६५ मध्ये, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचा भारतीय ज्योतिर्विदांच्या काळावरचा निबंध आला आणि पाटणची शिळा विद्वानांसमोर आली. पुढे कीलहॉर्न यांनी तिचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापले. निनेव्हेच्या पाट्या आणि पाटणची शिळा या दोन्ही एकाच पिढीत पुन्हा बोलू लागल्या.

पुन्हा त्या शिळेपाशी येऊ. संस्कृत श्लोकांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ, निकुंभांची आणि यादवांची स्तुती, ग्रहणाचा दिवस हे सारे आहे. शेवटच्या मराठी ओळी मात्र बाजारात उतरतात, कारण त्या व्यापाऱ्याला, तेल्याला आणि गिऱ्हाइकाला कळायला हव्या होत्या. पाटणच्या पेठेत जो माल खपेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारी पट्टी मठाला दिली आहे. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. त्या तेलाचे दिवे कोणत्या पाठांवर जळले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. आणि त्यांतच एक नियम आहे: या पेठेत जे काही मापायचे असेल, ते मठाच्या मापाने मापावे.